निघतंय की!

कुणाच्या घरी गेलं की काही माणसं भिंतीवरचे फोटो बघतात, काही टीव्ही किती इंची आहे ते बघतात, आणि काही स्वयंपाकघरातून कसला वास येतोय याचा अंदाज घेत बसतात. आबा डाग बघतात. चप्पल काढून आत येईपर्यंत त्यांची पाहणी उरकलेली असते. सोफ्याच्या पाठीवर तेल लावलेली डोकी टेकून झालेला काळपट पट्टा, टीपॉयवर गरम कपानं उमटवलेलं पांढरं कडं, पडद्याच्या काठाला पोरांनी पुसलेले हात, हे सगळं मनात टिपून झाल्यावर मग ते "काय, कसं काय?" असं विचारतात. तुम्ही "बरं चाललंय" म्हणालात की त्यांची नजर पुन्हा टीपॉयकडे जाते. बरं कसं चालेल?

सांगलीच्या गावभागात आबांना माणसांची नावं आठवत नाहीत, डाग आठवतात. "अहो त्या, कोपऱ्यावरच्या वाड्यातल्या, जांभळाचा पदर!" असं ते सांगतात. त्या बाईंच्या पदरावर जांभूळ सांडलं त्याला आता एक तप होईल. ती साडी बोहारणीनं नेली, तिच्या बदल्यात आलेल्या पातेल्यालाही पोचे आले, पण आबांच्या दफ्तरी त्या अजून जांभळाचा पदरच आहेत. पलीकडच्या आळीतल्या एका वकिलांना कोर्टात भलेभले वचकून असतात. आबांच्या लेखी ते 'आमरस'. आमच्या घराची नोंद 'मेणबत्ती, सतरंजी' अशी आहे.

दफ्तर म्हटलं ते उगीच नाही. आबांनी उभी नोकरी एका सहकारी बँकेत खतावण्या लिहिण्यात काढली. तिथं खाडाखोड चालायची नाही. आकडा चुकला तर तांबड्या शाईनं सरळ रेघ, वर नवा आकडा, बाजूला साहेबांची सही. निवृत्त झाल्यावर त्यांनी रद्दीत निघालेली एक कोरी खतावणी घरी आणली आणि तिच्यात रकाने आखले: तारीख, वस्तू, डाग, उपाय, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात तीनच शब्द येतात. 'निघाला', 'अंशतः' आणि 'कापड गेले'. तिसरा शेरा क्वचितच पडतो, असं आबांचं म्हणणं. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, म्हणतात, पानं उलटून बघा.

मागच्या पडवीत बंबाशेजारी आबांची फळी आहे. हॉर्लिक्सच्या जुन्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या आणि प्रत्येकीवर बँकेतल्याच वळणदार अक्षरातली चिठ्ठी: खायचा सोडा, धुण्याचा सोडा, तुरटी, खडूची पूड, मुलतानी माती, रिठ्याची टरफलं, लिंबाचं सत्त्व. मेणासाठी टीपकागदाचा गठ्ठा. अगदी वर, स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी, स्पिरिट आणि टर्पेंटाइन. त्या दोघांवर तांबड्या शाईत 'आग लागेल' असं लिहिलंय. एकदा पावसाळी हवेनं दोन्ही सोड्यांच्या चिठ्ठ्या सुटून खाली पडल्या, तर काकूंनी त्या दिवशीचा भज्यांचा बेतच रद्द केला. बाजारातून लिंबं आली की काकू त्यातली अर्धी तांदळाच्या डब्यात लपवतात. नाहीतर सकाळी पोह्यांवर पिळायला लिंबू नसतं आणि तांब्याचा बंब मात्र लखलखत असतो.

डाग घेऊन कुणी आलं की आबा लगेच हात घालत नाहीत. चष्मा कपाळावर चढवतात, कापड उजेडाकडे धरतात, उलटं करून बघतात, वास घेतात. मग विचारतात, कशाचा? कधी पडला? आणि त्यावर काय केलंत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लोक नीट देतात. तिसऱ्याला चाचरतात, कारण प्रत्येकानं काहीतरी केलेलंच असतं.

"तसं विशेष काही नाही, जरा गरम पाण्यात…"

"गरम पाण्यात?" आबा खालीच बसतात. "रक्ताचा डाग, आणि गरम पाणी? अंडं उकडल्यावर काय होतंय? घट्ट होतंय का नाही? मग रक्तात तरी दुसरं काय आहे, प्रथिनच की! शिजवून बसवलात तो कापडात!"

गार पाणी, चिमूटभर मीठ आणि अर्धा तास, एवढ्यावर भागलं असतं, हे ते अशा काही स्वरात सांगतात की समोरचा माणूस रक्त कुणाचं, लागलं कसं, हे सांगायचंच विसरतो. पोराच्या गुडघ्याला टाके पडलेत ही बातमी आबांना चार दिवसांनी दुसऱ्याच कुणाकडून तरी कळते. तेव्हा मात्र ते तातडीनं भेटायला जातात. बँडेजवर आयोडीनचा डाग असतो ना.

आता खरं सांगायचं तर आबांचं शास्त्र पक्कं आहे. बॉलपेनच्या शाईला स्पिरिट, च्युइंगमला बर्फ, मेणाला टीपकागद आणि वरून इस्त्री, गंजाला लिंबू-मीठ. गंजाच्या डागावर ब्लीच घातलं की तो आणखी पक्का होतो, हे धोब्यालाही ठाऊक नसलेलं त्यांना ठाऊक आहे. डांबराला आधी खोबरेल चोळायचं, ते सैल पडलं की मग साबण, हा क्रम उलटा केलात तर ते तुम्हाला 'शिकलेली माणसं' म्हणून चारचौघांत टोमणा मारतील. आबांचं चुकतं ते फक्त वेळेच्या बाबतीत.

एका लग्नात वधूच्या मावशीच्या पैठणीवर भज्याचं तेल पडलं. मंगलाष्टकं सुरू व्हायला पाचेक मिनिटं. मावशी पाण्याचा हात लावणार तोच आबा कुठूनसे उगवले. "पाणी नको! रेशमाला पाण्याचंच कडं पडंल!" शेजारच्या बाळाच्या पिशवीतून त्यांनी पावडरचा डबा मिळवला आणि मावशींच्या मांडीवर बोटभर थर दिला. "आता अर्धा तास हलायचं नाही. पावडर तेल ओढून घेती. चोळायचं नाही, झटकायचं नाही. निघतंय की!" हे 'निघतंय की' आबा असं म्हणतात की पुढं वाद घालायची सोयच उरत नाही. तिकडं सावधान झालं. मावशींनी अक्षता बसल्या जागेवरून फेकल्या, त्या तिसऱ्या रांगेतल्या एका टकलावर पडल्या. वरमायांचे फोटो झाले, विहिणींचे झाले, करवल्यांचे झाले. लग्नाच्या अल्बममध्ये मावशींचा एकही उभा फोटो नाही. डाग मात्र निघाला, तशी खतावणीत नोंद आहे.

पण सांगलीत राहायचं तर सगळ्यात मोठी गाठ पडते हळदीशी. गाव हळदीचं. मार्केट यार्डात राजापुरी हळदीचे सौदे निघतात, 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. इथल्या माणसाच्या सदऱ्यावर एकही पिवळा ठिपका नसेल तर तो मिरजेचा समजावा, असं आबा म्हणतात. त्यांच्या पुतण्याच्या हळदीला पुण्याहून मित्र आले होते. त्यातल्या एकानं पांढराशुभ्र कुर्ता घातला होता. हळदीच्या कार्यक्रमाला पांढरा कुर्ता घालून येणाऱ्याचं जे व्हायचं ते झालं, छातीवर पाच बोटं उमटली. पोरगं बेसिनकडे पळालं आणि त्यानं साबण चोळला. पिवळी बोटं डोळ्यांदेखत लालभडक झाली. तो किंचाळला, ते ऐकून दोन काकवा किंचाळल्या, आणि कुणीतरी १०८ ला फोन लावायला निघालं.

आबा दारात उभे होते, चेहऱ्यावर समाधान. "साबण लावलास? हळदीला साबण लागला की ती लालच होती. अरे, कुंकू कसं करतात? हळदीला चुनाच देतात की!" मग त्यांनी खिशातून लिंबू काढलं. आबांच्या खिशात लिंबू असतं, हे गावभागात नवं नाही. लिंबू पिळलं, लाल बोटं पुन्हा पिवळी झाली. टाळ्या पडल्या. मागं उभ्या असलेल्यांना दिसलं नव्हतं म्हणून आबांनी पुन्हा साबण लावून लाल केली, पुन्हा लिंबू पिळून पिवळी केली. मोबाइलवर चित्रीकरण झालं. एका लहान पोरीनं "मला करू दे" म्हणून हट्ट धरला, तेव्हा तिच्या हातूनही एकदा झालं. गर्दी पांगल्यावर त्या मित्राच्या ध्यानात आलं की डाग जिथं होता तिथं, जसा होता तसाच पिवळाधमक आहे.

"काका, पण हा निघणार कसा?"

"निघतंय की! साध्या पाण्यानं धुवायचा आणि उन्हात टाकायचा. हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही."

रात्रीचे आठ वाजले होते आणि पोराची पुण्याची गाडी दहाची होती. ते बिचारं नवरदेवाच्या वडिलांचा सदरा अंगात घालून गेलं. तो सदरा त्याला गुडघ्यापर्यंत येत होता. कुर्ता आबांकडे राहिला, दोन दिवस गच्चीवर उन्हात लोळला आणि खरोखरच पांढरा होऊन कुरिअरनं पुण्याला गेला. गच्चीवरच्या दोरीला चिमटे लावताना काकू एवढंच म्हणाल्या, "हे मी बेसिनपाशीच सांगितलं असतं. पण मला कोण विचारतंय."

काकूंचं या विषयातलं ज्ञान एका वाक्यात संपतं: भिजवा, घासा, उन्हात टाका. त्यांच्या साड्यांवर आजवर कुणाला डाग दिसलेला नाही. आबांना याचं मनातून वाईट वाटतं.

आबांच्या कारकिर्दीत एक प्रकरण मात्र काढू नये असं आहे. शेजारच्या वहिनींच्या ओट्यावर लोणच्याच्या तेलाचा डाग पडला होता. ओटा काळ्या कडप्प्याचा. आबांनी लिंबाची फोड मिठात बुडवून घासली, आणि मुरू दे म्हणून रस रात्रभर तसाच ठेवला. सकाळी वहिनींना ओट्यावर पांढुरका नकाशा दिसला. तेल गेलं होतं, त्याबरोबर दगडाची झिलईही गेली होती. कडप्पा काय, शहाबादी फरशी काय, देवघरातला संगमरवर काय, सगळे चुन्याच्या कुळातले दगड. आंबट पडलं की दगड विरघळतो आणि तिथली चकाकी जाते ती जातेच. हे आबांना माहीत नव्हतं असं नाही. नळावरचे पांढरे क्षार ते आंबटानंच काढतात आणि ते क्षारही त्याच जातीचे, पण डाग समोर दिसला की त्याच्याखाली काय आहे हे बघायचं त्यांना भान राहत नाही. वहिनींनी "आबा, तेलाचा डाग बरा होता हो" एवढंच म्हटलं. खतावणीत 'निघाला' लिहावं तर खोटं, 'कापड गेले' लिहावं तर ओटा म्हणजे काही कापड नव्हे. रात्रभर विचार करून आबांनी बँकेतला शब्द शोधून काढला. त्या रकान्यात आजही लिहिलेलं आहे: 'घसारा'.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं आणि ओसरताना भिंतीवर छातीइतक्या उंचीवर गाळाची रेघ ठेवून गेलं. आख्खी गल्ली चिखल उपसत होती. सगळ्यांना वाटलं, आता आबा त्या रेघेवर तुटून पडणार. आबा खुर्ची टाकून रेघेची राखण करत बसले. पोरांनी ओलं फडकं उचललं की खेकसायचे, "पंचनामा होईपर्यंत हात लावायचा नाही! तो कागद आहे कागद!" तलाठी आले, रेघ बघितली, लिहून घेतलं, गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे आबा ब्रश घेऊन उभे होते. संध्याकाळपर्यंत रेघ गेली, रंग गेला आणि बराचसा गिलावाही गेला.

अलीकडे आबांना मोबाइलचा ताप झालाय. पूर्वी गल्लीत डाग पडला की लोक त्यांच्याकडे यायचे, आता व्हिडिओ बघतात. सूनबाईंनी एकदा बेसिनमध्ये खायचा सोडा पसरला, वरून व्हिनेगर ओतलं आणि फसफसून वर आलेला फेस दाखवत म्हणाल्या, "बघा बाबा, कसं काम करतंय!"

"काम कुठलं? भांडण चाललंय त्यांचं," आबा म्हणाले. "आंबट आणि सोडा एकमेकांना मारतात. वायू उडून जातोय, मागं राहतंय ते जवळजवळ पाणीच. फेसाला भुलून कसं चालंल? सोडा घासायचा तर नुसता घास. क्षार काढायचे तर नुसतं व्हिनेगर फडक्यावर घे, नळाला गुंडाळ आणि तासाभरानं सोड."

सूनबाई काही बोलल्या नाहीत. दुपारी सगळे झोपल्यावर त्यांनी नळाला फडकं गुंडाळलं, नळ चकाकला, आणि त्याचा फोटो त्यांनी माहेरच्या ग्रुपवर स्वतःच्या नावानं टाकला. या बाबतीत आबांचं पारडं जड आहे, असं माझं मत. फेस बघून समाधान मानणाऱ्या जगात निदान एक माणूस खालचा डाग बघतो. आणि एका गोष्टीपुरती त्यांची सगळी मजा बाजूला राहते. संडास धुवायचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कुणी एकत्र करताना दिसलं तर ते हातातलं भांडं हिसकावून घेतात. त्यातून क्लोरीन सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. त्यांच्या फळीवर म्हणूनच ब्लीचिंगचा डबा नाही.

आबांना खरा प्रतिस्पर्धी भेटला तो 7 मे 2024 रोजी. लोकसभेचं मतदान. सकाळी सातला रांगेत पहिले उभे राहून आबा मत देऊन आले आणि ओसरीवर बसून डाव्या हाताची तर्जनी न्याहाळू लागले. नखावरून खाली कातडीवर उतरलेली जांभळट रेघ. देशाचं कर्तव्य वगैरे सगळं ठीक, पण डाग तो डाग.

"अहो, ती निघू नये म्हणूनच लावतात," काकू म्हणाल्या.

"निघतंय की!"

दुपारपर्यंत लिंबू-मीठ झालं. मग टूथपेस्ट, कच्च्या बटाट्याची फोड, स्पिरिट, चिंचेचा कोळ, आंबट दही. बोटाला भेळेच्या गाडीचा वास यायला लागला. रेघ जागची हलेना. शेवटी आबांनी आपलं ब्रह्मास्त्र काढलं. खुर्ची गच्चीवर नेली आणि मे महिन्याच्या उन्हात बोट वर करून बसले. खालून जाणाऱ्या एका पक्षाच्या कार्यकर्त्याला ते आपल्याच उमेदवाराला आशीर्वाद देतायत असं वाटून त्यानं नमस्कार केला. तासाभरानं बघतात तो रेघ काळीकुट्ट.

ही शाई 1962 च्या निवडणुकीपासून देशभर वापरतात. ती बनवतो म्हैसूरचा सरकारी रंगांचा कारखाना, म्हैसूरच्या महाराजांनी 1937 मध्ये काढलेला. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीवरच्या मिठाशी त्याचा संयोग झाला की ते तिथंच चिकटून बसतं, आणि उजेड लागला की काळं पडतं. म्हणजे आबांनी आधी बोटाला मीठ चोळलं आणि मग त्याला ऊन दिलं. ही रसायनाची गोष्ट त्यांना संध्याकाळी शेजारच्या बारावीतल्या पोरानं समजावून सांगितली, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माल बरा काढलाय म्हैसूरवाल्यांनी."

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत कुजबुज सुरू झाली. आबा बोट कशाला घासायलेत? दुसऱ्यांदा जायचा विचार होता काय? मतदान उरकून गेलं होतं, यंत्रं मोहोरबंद झाली होती, पण पानाच्या दुकानावर या शंकेला उत्तर देणार कोण? 'आमरस' वकिलांनी तर आबांना बाजूला घेऊन कलमं सांगितली. आबांनी तेव्हा बोट लपवलं आणि त्यांच्या शर्टाच्या कॉलरकडे बघत "हे काय, घामाचं?" असं विचारून त्यांना गप्प केलं.

कातडीवरची रेघ काही आठवड्यांत आपोआप गेली. नखावरची राहिली. जुलैत ती नखाच्या मध्यावर आली, मुळाकडे कोरं नख दिसू लागलं. आबा रोज सकाळी पट्टी लावून मोजायचे. पाऊस लागला, कृष्णेचं पाणी पायऱ्या चढलं, उतरलं, श्रावण गेला. गणपती बसायच्या आदल्या दिवशी आबांनी ओसरीवर वर्तमानपत्र पसरलं, नेलकटर घेतलं, आणि टोकाला उरलेला काळा अर्धचंद्र एका झटक्यात उडवला. तो काडीपेटीत घालून त्यांनी आधी आत नेऊन दाखवला, मग गल्लीभर.

"काढला का नाही?"

"अहो, नख वाढलं," काकू मोदकांची उकड मळता मळता म्हणाल्या. "तुम्ही काय केलंत?"

आबांनी खतावणी उघडली. तारीख घातली. वस्तूच्या रकान्यात 'तर्जनी, डावी' असं लिहिलं. उपाय: 'नेलकटर'. शेरा: 'निघाला'. आणि प्रकरण मोठं होतं म्हणून खाली सही ठोकून, काकूंनीही साक्षीदार म्हणून सही करावी असा आग्रह धरला. काकूंचे हात उकडीचे होते. त्या पानावर त्यांच्या अंगठ्याचा तुपकट ठसा उमटला, आणि आबा खडूची पूड आणायला पडवीत पळाले.